पुन्हा कालव्याकाठी: जुन्या पेटीतले काय चालते आणि काय चालत नाही

गेल्या वर्षाच्या अखेरीस आमच्या शेजारचे आजोबा वारले आणि मार्च महिन्यात आजींनी त्यांची मासेमारीची लाकडी पेटी, कापडी पिशवीत ठेवलेली एक काठी आणि एक हातजाळे माझ्या स्वाधीन केले. "तू पुन्हा जायला लागलास तर हे सामान वापरात राहील," एवढेच त्या म्हणाल्या. २००४ साली मी मिल्टन कीन्समध्ये राहायला आलो, तेव्हा याच आजोबांनी मला ग्रँड युनियन कालव्याच्या काठावर आपल्या शेजारी बसवून इथल्या पद्धतीने गळ टाकायला शिकवले होते. पुढे २०१२ च्या सुमारास नोकरीतली जबाबदारी, मुलांच्या शाळा आणि चिपळूणला आईचे आजारपण यांत ते मागे पडले, आणि एकदा मागे पडलेली गोष्ट पुन्हा हाती घ्यायला तेरा वर्षे गेली. माझे स्वतःचे जुने सामान गराजमध्ये होतेच. आता दोन माणसांचे सामान जमिनीवर मांडून, त्यातले काय ठेवायचे आणि नवे काय घ्यायचे, हे ठरवण्यात माझे दोन रविवार गेले. माझ्यासारखेच बऱ्याच वर्षांनी पुन्हा सुरुवात करणारे, किंवा इंग्लंडमध्ये येऊन पहिल्यांदाच काठी हातात धरणारे आपल्याकडचे लोक आहेत, हे मला ठाऊक आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

इथे गोड्या पाण्यातल्या माशांची एक जुनी विभागणी आहे. सामन आणि ट्राउट हे एका बाजूला, आणि रोच, पर्च, ब्रीम, टेंच, चब, बार्बेल, कार्प, पाइक हे बाकीचे सगळे दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्या गटाच्या मासेमारीला 'कोअर्स फिशिंग' म्हणतात. मी वाशिष्ठीच्या काठी वाढलो. आमच्याकडे 'गरवायला जाणे' म्हणजे बांबूची काठी, तिच्या टोकाला तंगूस (नायलॉनचा दोरा), तंगुसाला गरी, म्हणजे गळ, आणि गरीला गांडूळ किंवा कणकेची गोळी, एवढाच सरंजाम असे, आणि मिळालेला मासा संध्याकाळी घरी चुलीवर जात असे. इथे मासा परत पाण्यात जातो. नद्यांमधून ठरावीक लहान मासे नेण्याची कायद्याने थोडी मुभा आहे, पण या छंदातली रीत मासा सोडण्याचीच आहे, आणि कालव्यावर व क्लबांच्या तळ्यांवर तर तो सोडायचाच असतो. "मग धरता कशाला?" असे आईने मला फोनवर अनेकदा विचारले आहे आणि तिचा प्रश्न रास्त आहे. मला पाण्याकाठचे ते तीन-चार तास हवे असतात, आणि काठाखाली काय चालले आहे हे कळण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही, हे माझे उत्तर तिला अजून पटलेले नाही. पण मासा परत जाणार, आणि तो धड परत गेला पाहिजे, ही एक गोष्ट मान्य केली की सामानाची निवड फारशी अवघड राहत नाही. माझ्यापुरता मी असा नियम केला आहे की मासा आणि मी यांच्यामध्ये जे जे येते, म्हणजे गळ, तंगूस, जाळे, ते नवे आणि चांगले घ्यायचे. बाकीचे जुने, उसने, दुसऱ्याने वापरलेले, काहीही चालते.

सुरुवात तंगुसापासून करतो, कारण परतणाऱ्या माणसाची सर्वांत मोठी चूक तिथेच होते. माझ्या जुन्या रिळावर २०१२ सालचा चार पौंडी (चार पौंड वजन पेलणारा) तंगूस तसाच गुंडाळलेला होता. दिसायला तो स्वच्छ होता, चमकतही होता. त्याचे टोक मी दाराच्या मुठीला बांधले आणि हाताला रुमाल गुंडाळून सावकाश ओढले, तेव्हा तो ताणलाच नाही. वाळलेल्या गवताच्या काडीसारखा तुटला, आणि पुढे जिथे जिथे ओढून पाहिला तिथे तिथे तसाच तुटत गेला. नायलॉनचा तंगूस उन्हाने आणि काळाने आतून मरतो, आणि वरून काहीच कळत नाही. असा तंगूस माशाच्या ओढीने मध्येच तुटला तर मासा तोंडातला गळ, त्यामागचा फ्लोट (पाण्यावर तरंगून मासा लागल्याची खूण देणारी काडी) आणि कित्येक मीटर दोरा ओढत निघून जातो, आणि तो दोरा एखाद्या मुळाला अडकला की मासा तिथेच खिळतो. नवे रीळ पाच-सहा पौंडांत मिळते. त्यामुळे इथे काटकसर करण्यात काहीच अर्थ नाही, आणि मी तर आता दरवर्षी वसंतात तंगूस बदलायचा असेच ठरवले आहे. जुना तंगूस मात्र काठावर किंवा उघड्या कचऱ्यात टाकू नये; त्याचे बोटभर तुकडे करून मगच टाकावा, कारण पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात.

तंगुसाची ताकद इथे अजूनही वजनाच्या पौंडात सांगतात. कालव्यावरच्या आणि लहान नदीवरच्या फ्लोटच्या मासेमारीला चार पौंडी तंगूस पुरतो. कार्पने भरलेल्या व्यावसायिक तळ्यावर जायचे असेल तर सहा पौंडी घ्यावा. गळ मात्र या मुख्य तंगुसाला थेट बांधू नये. मुख्य तंगुसाच्या टोकाला फासा ठेवून त्यात वीतभर लांबीचा, त्याहून कमी ताकदीचा, म्हणजे अडीच-तीन पौंडी तुकडा अडकवायचा आणि गळ त्या तुकड्याला असतो. गळ तळाशी कुठे अडकला किंवा अपेक्षेहून मोठा मासा लागला, तर तुटायचेच असेल तर तो कमजोर तुकडा तुटतो. माशाबरोबर फक्त एक गळ आणि वीतभर तंगूस जातो, आणि आपला फ्लोटही वाचतो. गावी आम्ही हे कधीच करत नव्हतो. आजोबांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट हीच होती.

गळाच्या आकड्यांनी नवा माणूस गोंधळतो, कारण आकडा जितका मोठा तितका गळ लहान. सहा नंबरचा गळ गांडूळभर मोठा, तर वीस नंबरचा तांदळाच्या दाण्याहून नाजूक. आजोबांच्या पेटीत एका चपट्या पत्र्याच्या डबीत शंभरेक गळ होते. इंग्लंडमधले रेडिच हे गाव सुया आणि गळ बनवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध होते आणि त्यांतली काही पाकिटे तिथलीच होती. ती मी आठवण म्हणून ठेवली आहेत. वापरायला घेतली नाहीत, कारण बहुतेकांच्या टोकावर गंज आहे, आणि त्या सगळ्या गळांना आतल्या बाजूला उलटा काटा आहे. हा उलटा काटा मासा निसटू नये म्हणून असतो, आणि तोच गळ काढताना माशाचे तोंड फाडतो. आता बहुतेक क्लबांच्या आणि तळ्यांच्या नियमांत बिनकाट्याचाच गळ लागतो. तंगूस ढिला पडू दिला नाही तर बिनकाट्याच्या गळावरून मासे फारसे सुटत नाहीत, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. सुरुवातीला तयार तुकड्याला बांधलेले, बिनकाट्याचे, सोळा आणि अठरा नंबरचे गळ प्रत्येकी एक पाकीट घ्यावेत. गांडुळासाठी बारा नंबरचे एक घ्यावे. गळ हाताने बांधायला शिकणे चांगलेच, पण पहिल्या महिन्यात ते शिकत बसण्यापेक्षा पाण्याकाठी जाणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

काठीच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलटी आहे. माझी जुनी कार्बनची तेरा फुटी, तीन तुकड्यांची फ्लोटची काठी तेरा वर्षे गराजमध्ये पडूनही जशीच्या तशी निघाली. कार्बन गंजत नाही, कुजत नाही. मात्र त्याला ठेच लागून बारीक चीर गेलेली असेल तर ती काठी वाकल्यावर अचानक मोडते, म्हणून प्रत्येक तुकडा उजेडात फिरवून बघावा आणि नखाने चाचपावा. त्याहून महत्त्वाची तपासणी काठीवरच्या कड्यांची आहे. तंगूस ज्या कड्यांतून जातो त्यांच्या आत चिनीमातीसारख्या कठीण पदार्थाचे अस्तर असते आणि त्याला केसाएवढा तडा गेला तरी तो नव्या तंगुसाला करवतीसारखा कापतो. डोळ्यांना तो तडा दिसत नाही. कापसाचा लहान बोळा घेऊन प्रत्येक कड्यातून आतल्या बाजूने गोल फिरवावा. जिथे कापसाचे तंतू अडकून राहतील तिथे तडा आहे. माझ्या काठीचे टोकाकडून दुसरे कडे असेच निघाले आणि तेवढे एक कडे बदलून घ्यायला फार खर्च आला नाही. तुकड्यांचे सांधे सैल झाले असतील तर सांध्याच्या आत जाणाऱ्या भागावर साध्या मेणबत्तीचे मेण घासावे. एवढे केले की जुनी काठी नव्यासारखी चालते, आणि जुन्या बाजारात कुणी टाकून दिलेली चांगली काठी मिळाली तर ती निःसंकोच घ्यावी.

ज्यांच्याकडे काठी नाहीच, त्यांनी एकच काठी घ्यावी आणि ती फ्लोटची घ्यावी: कालव्यासाठी अकरा-बारा फूट, नदीवरही जायचे असेल तर तेरा फूट. दुकानात गेले की समोर आधी येतात त्या कार्पच्या काठ्या. त्यांच्यावर पावणेतीन, तीन, साडेतीन पौंड असे आकडे असतात. काठीचे टोक बुडख्याशी काटकोनात वाकायला जितके वजन लागते तितका तो आकडा. अशी काठी चार औंसांच्या रोचसाठी वापरली तर मासा लागल्याचे हाताला कळतही नाही, आणि तिच्या ताठरपणामुळे नाजूक तंगूस झटक्यासरशी तुटतो. तिच्याबरोबर तंबू, बिछाना, वाजणारे अलार्म आणि तीन पायांच्या स्टँडची मालिका येते. तो एक वेगळा छंद आहे, त्यात रमणारे माझे मित्रही आहेत. पण परत येणाऱ्या माणसाने त्या वाटेने सुरुवात केली तर तीनचारशे पौंड गेल्यावरही त्याला फ्लोट बुडताना पाहण्याचे सुख मिळालेले नसते.

रिळाशिवाय मासे धरण्याचा एक मार्गही आहे आणि आपल्याकडच्या माणसाला तो लगेच जवळचा वाटेल. चार-पाच मीटरची, एकात एक सरकणारी बारीक काठी, तिला इथे 'व्हिप' म्हणतात. तंगूस थेट टोकाला बांधलेला, लांबी काठीएवढीच. गावच्या बांबूच्या काठीची ही कार्बनमधली बहीण आहे. लहान मुलांना घेऊन जायचे असेल तर मी दुसरे काहीच सुचवणार नाही. मोठे 'पोल' म्हणजे अकरा-तेरा मीटरच्या, शेकडो पौंडांच्या काठ्या, त्या स्पर्धेतल्या लोकांच्या. कालव्याच्या पलीकडच्या झुडपाखाली नेमके आमिष ठेवायला त्यांना तोड नाही, पण पहिल्या वर्षी त्यांची गरज नाही.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण ती जिवाची आहे. कार्बनमधून वीज वाहते. बांबूच्या काठीने वाढलेल्या माणसाच्या हे चटकन लक्षात येत नाही. विजेच्या तारांपासून ३० मीटरच्या आत काठी जोडू नये, गळ टाकू नये आणि जोडलेली काठी उभी धरून तारांखालून चालू नये. गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून निघावे.

रीळ जुने चालते, पण ते उघडून पाहावे लागते. माझ्या रिळातले ग्रीस गोठून मेणासारखे झाले होते. पुसून नवे घातले. तंगूस ज्या छोट्या चाकावरून रिळात शिरतो ते चाक मोकळे फिरते ना, हे बोटाने फिरवून पाहावे, कारण ते अडकलेले असेल तर तंगूस त्यावर घासून एकाच जागी झिजतो. नवे घ्यायचे तर २५०० किंवा ३००० आकाराचे, साधे, पुढच्या बाजूला ब्रेकची चकती असलेले घ्यावे. बॉल बेअरिंगची संख्या मोजत बसू नये. ही स्थिर फिरकीची रिळे आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतल्यापासून तत्त्वतः तीच आहेत. तंगूस भरताना मात्र मन लावावे लागते. फिरकीच्या कडेपासून एक-दोन मिलिमीटर खाली येईपर्यंत तो भरला पाहिजे. कमी भरला तर टाकताना तो कडेवर घासतो आणि फ्लोट हव्या त्या जागी पोहोचत नाही; जास्त भरला तर वेटोळीच्या वेटोळी एकदम बाहेर येऊन गुंता होतो. माझी फिरकी खोल आहे, म्हणून तळाशी आधी जुना जाड तंगूस भरून त्यावर नवा शंभर मीटर गुंडाळला.

आता फ्लोटविषयी, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. आजोबांच्या पेटीच्या वरच्या कप्प्यात स्पंजच्या खाचांमध्ये सतरा फ्लोट एका रांगेत होते. त्यांतले नऊ मोरपिसाच्या दांड्याचे. खालचा अर्धा भाग गडद हिरवा रंगवलेला, टोक शेंदरी, आणि तळाशी तारेचे एक कडे बारीक दोऱ्याने गुंडाळून वर वार्निश दिलेले. मोरपिसाचा दांडा वजनाला काहीच नसतो, आत पांढरा भेंडासारखा गाभा असतो, तो पाणी पीत नाही आणि सरळ राहतो; म्हणून प्लास्टिक येण्याआधीपासून इथले लोक फ्लोटसाठी तो वापरत आले आहेत. कोकणातल्या आमच्या परसात येऊन नाचणाऱ्या पक्ष्याच्या पिसाची काडी बकिंगहॅमशरमधल्या एका निवृत्त माणसाने आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून इतक्या निगुतीने रंगवली होती, हे पाहून मी बराच वेळ ती पेटी उघडी ठेवून बसलो होतो. दोन फ्लोटचे गुंडाळलेले दोरे सुटले होते. ते पुन्हा शिवणाच्या दोऱ्याने गुंडाळले आणि वार्निश केले. फ्लोट हे जुने वापरण्यासारखे सामान आहे.

या प्रकारच्या फ्लोटला 'वॅगलर' म्हणतात आणि त्याचे वैशिष्ट्य असे की तंगूस फक्त त्याच्या खालच्या कड्यातून जातो. त्यामुळे गळ टाकल्यावर काठीचे टोक पाण्यात बुडवून रिळाचे दोन फेरे घेतले की सगळा तंगूस पाण्याखाली जातो आणि वाऱ्याने फ्लोट ओढला जात नाही. नवा तंगूस तेलकटपणामुळे बुडत नसेल तर कापडावर भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब घेऊन पुसून काढावा. फ्लोट सरळ उभा राहण्यासाठी किती वजन लागेल ते त्याच्या अंगावरच लिहिलेले असते, उदाहरणार्थ '४ बीबी'. बीबी म्हणजे सुमारे ०.४ ग्रॅमची, फट असलेली गोळी, जी तंगुसावर ठेवून बोटाने दाबायची. एएए म्हणजे तिच्या दुप्पट, ०.८ ग्रॅम, सहा नंबरची गोळी ०.१ ग्रॅम. तेव्हा '४ बीबी'च्या फ्लोटला एकूण १.६ ग्रॅम हवे. मी तीन बीबी फ्लोटच्या दोन्ही बाजूंना अगदी लगत दाबतो, म्हणजे फ्लोट जागचा हलत नाही, आणि उरलेले ०.४ ग्रॅम सहा नंबरच्या चार गोळ्यांत वाटून खाली गळापर्यंत अंतराअंतराने लावतो. आमिष अशा वेळी सावकाश, नैसर्गिक वाटेल असे खाली जाते. शेवटची गोळी गळापासून वीतभर वर असते, आणि बुजरा रोच आमिष उचलतो तेव्हा त्या एका गोळीचे वजन उचलले जाऊन फ्लोटचे शेंदरी टोक बुडण्याऐवजी किंचित वर येते. ती खूण ज्याला दिसते त्याला निम्मी विद्या आली असे आजोबा म्हणत.

गोळ्या मात्र त्यांच्या पेटीतल्या वापरायच्या नाहीत. तळाच्या कप्प्यात शिशाच्या गोळ्यांनी भरलेली एक गोल डबी होती. हंस तळाशी चरताना खडे गिळतात, त्याबरोबर पडलेल्या शिशाच्या गोळ्याही गिळत आणि विषबाधा होऊन मरत. म्हणून १९८७ पासून इथे ०.०६ ग्रॅमपेक्षा जास्त ते २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांना बंदी आहे. ती डबी मी धातूच्या पुनर्वापर केंद्रात देऊन आलो आणि बिनशिशाच्या गोळ्यांची, सगळ्या आकारांचे कप्पे असलेली एक चकती आणली. त्याबरोबर खोली मोजण्याचे छोटे वजन घ्यावे. ते गळाला अडकवून फ्लोट वरखाली सरकवत पाण्याची खोली मोजायची, म्हणजे आमिष तळाला नुसते टेकते. कालव्यात हे फार उपयोगी पडते, कारण नावा जातात तो मधला भाग खोल, दोन्ही काठ उथळ आणि मध्ये उतार असतो. मासे बहुधा त्या उताराच्या पायथ्याशी असतात. हे न मोजता बसणारा माणूस दिवसभर चुकीच्या खोलीवर बसलेला असू शकतो.

हातजाळ्याचीही तीच गोष्ट. आजोबांचे जाळे गाठींचे होते. गाठींनी माशाची खवले आणि त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो, आणि तो थरच त्याचे रोगांपासून रक्षण करतो. गाठींची जाळी आता नियमाने चालत नाहीत. मी बारीक विणीचे, मऊ, बिनगाठीचे नवे जाळे आणि दोन मीटरचा दांडा घेतला, आणि एकूण खर्चातला मोठा वाटा त्यातच गेला. मासे दिवसभर ठेवण्याची लांब जाळी घेऊच नये. ती स्पर्धेत वजन करण्यासाठी असते. मोठे मासे लागतील अशा तळ्यावर मासा ठेवायला ओली, गुबगुबीत चटई लागते, ती गवतावर ठेवण्याऐवजी वापरायची. घरी आल्यावर जाळे पूर्ण वाळवावे, कारण ओल्या जाळ्याबरोबर एका पाण्यातले परके जीव आणि रोग दुसऱ्या पाण्यात जातात.

सगळ्यांत स्वस्त वस्तू सगळ्यांत शेवटी आठवते, आणि तीच विसरली तर मी घरी परततो: गळ सोडवण्याची काडी. पेन्सिलीएवढी प्लास्टिकची काडी, टोकाला फट. गळ माशाच्या घशात खोल गेला तर तंगूस ताणून धरायचा, काडीची फट त्यावर अडकवायची, तंगुसावरून सरकवत गळाच्या वाकापर्यंत न्यायची, हलकेच आत दाबायचे आणि बाहेर काढायचे. बिनकाट्याचा गळ असेल तर हे दोन सेकंदांत होते. हात आधी ओले करावेत. पर्च धरताना त्याचा पाठीवरचा काटेरी पंख तळहाताने मागे दाबून धरावा, नाहीतर शेंगटीची आठवण येते. मी अशा तीन काड्या घेतल्या आहेत: एक खिशात, एक पेटीत, एक जाळ्याच्या दांड्याला बांधलेली.

आमिषाला फारसा खर्च नाही. दुकानात अळ्या पाइंटच्या मापाने मिळतात. एका सकाळीला अर्धा पाइंट पुष्कळ होतात. घरात त्या ठेवण्यावरून वाद होणार असेल तर डब्यातले मक्याचे दाणे, पावाचा मऊ गर आणि आपली कणीक यांवर रोच आणि ब्रीम चांगले लागतात. इथले जुने लोक अळ्यांना हळद लावतात, हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला विलक्षण आपलेपणा वाटला होता. थोडे थोडे, पण सतत टाकत राहावे. चिमूटभर दर काही मिनिटांनी.

दुसरी काठी, म्हणजे तळाशी आमिष ठेवून टोकाच्या थरथरीवर लक्ष ठेवण्याची, हिवाळ्यात किंवा पुराच्या पाण्यात हवीशी वाटते. ती पुढच्या वर्षी बघावी.

सामानाइतकाच परवाना आवश्यक. तेरा वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला तो लागतो. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना तो फुकट मिळतो, पण काढावा लागतोच. तो घेतल्या दिवसापासून बारा महिने चालतो आणि त्यावर दोन काठ्या वापरता येतात. याशिवाय त्या पाण्याच्या मालकाची किंवा क्लबची परवानगी वेगळी. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या काळात, प्रजननाच्या हंगामात, बंदी असते. बहुतेक तळ्यांवरची बंदी १९९५ मध्ये आणि बहुतेक कालव्यांवरची २००० मध्ये उठली, म्हणून वसंतात परत येणाऱ्याला कालवा सोयीचा. पण आजोबा कालव्यावरही त्या तीन महिन्यांत जात नसत. पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यात येतात तेव्हा माझे आजोळचे आजोबाही जाळे लावू देत नसत, त्यामुळे मला ते समजावून सांगावे लागले नाही. १६ जून हा इथल्या लोकांचा नारळी पौर्णिमेसारखा दिवस आहे. पहाटे चारला माणसे नदीवर पोहोचतात.

मीही या वर्षी त्या तारखेपर्यंत थांबलो. परवाना सोडून एकूण खर्च पन्नास पौंडांच्या आत राहिला: तंगूस, गळ, गोळ्या, जाळे आणि दांडा, काड्या. १६ जूनला पहाटे कालव्याच्या त्याच वळणावर बसलो, दुरुस्त केलेला मोरपिसाचा '४ बीबी' लावला, खोली मोजली आणि मक्याचा दाणा लावून उताराच्या पायथ्याशी टाकला. पहिला तास काहीच झाले नाही. एक नाव गेली, पाणी गढूळ झाले, पुन्हा निवळले. मग शेंदरी टोक अर्ध्या नखाएवढे वर आले. मी मनगट उचलले आणि तेरा वर्षांनी ती ठकठक हाताला लागली. वीतभर लांबीचा रोच, पंख लाल, अंग नव्या चांदीसारखे. जाळ्यातच गळ सोडवला आणि जाळे पाण्यात बुडवून धरले, तो आपला आपण निघून गेला.

परत येताना आजींच्या दारावर थांबून तो फ्लोट दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन त्यावरचा नवा दोरा पाहिला आणि निळ्याऐवजी हिरवा दोरा वापरायला हवा होता असे सांगितले. त्यांच्याकडे तो अजून आहे, तो त्या काढून ठेवणार आहेत. अठरा नंबरचे तीनच गळ पाकिटात उरले आहेत, तेही शनिवारच्या आत आणायचे आहेत.